महांतप्पा फॉरमॅट मारत नाहीत

आमच्या गाळ्याला मधोमध प्लायवूडची भिंत आहे. अलीकडे माझं टायपिंग आणि झेरॉक्स, पलीकडे महांतप्पांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. भिंत छातीइतकीच, वर सगळं मोकळं. त्यामुळे गेली एकोणीस वर्षं त्यांचं खोकणं, गिऱ्हाइकांवर कावणं आणि पुण्याच्या मुलीशी फोनवर कन्नडात वाद घालणं हे सगळं मी ऐकत आले आहे. माझंही त्यांना ऐकावं लागतं. धाराशिवच्या कोर्टामागच्या या गल्लीत माझ्या तोंडाला कुणी फारसं लागत नाही, आप्पा मात्र एकोणीस वर्षं टिकले. यावरून माणूस किती सोशिक असेल ते समजून घ्या.

वय अठ्ठावन्न. मूळचे उमरग्याकडचे, घरी कन्नड, दुकानात मराठी. आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. सकाळी कपाळावर विभूतीचे तीन ठळक पट्टे असतात, दुपारपर्यंत घामाने दीडच उरतो. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. मान कायम खाली, कुठल्या तरी उघड्या डब्यात. आणि दिवसातून वीस वेळा तोंडात एकच शब्द, "साकाय्तु." म्हणजे पुरे झालं, कंटाळा आला. सुरुवातीला मला वाटायचं, हा माणूस आज दुकान बंद करतोय की काय. मग कळलं की तो त्यांचा सुस्कारा आहे. साकाय्तु म्हणायचं आणि पुढचा स्क्रू काढायचा.

त्यांच्या धंद्यातला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फॉरमॅट. कॉम्प्युटर कुठंही न्या, तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत समोरचा म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागंल." म्हणजे आतलं सगळं पुसायचं, विंडोज नव्याने टाकायचं आणि तासाभरात मोकळं व्हायचं. गिऱ्हाईक घरी जातं आणि मग त्याला आठवतं की अमुक राहिलं, तमुक गेलं. आप्पांनी मी बघत असताना एकदाही फॉरमॅट मारलं नाही.

"दात दुखतोय म्हणून मुंडकं छाटायचं व्हय?" असं ते विचारतात.

मला हा निव्वळ हट्ट वाटायचा. एकेका डब्यापाशी तीन तीन दिवस बसायचं, मान अवघडून घ्यायची, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणणार, "एवढा टाइम? शेजारचा तर तासात देत होता." मी आप्पांना हे कितीदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

दसऱ्यानंतरचा आठवडा हा त्यांचा सीझन. आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पूर्वी कुऱ्हाडी, वजनकाटे, शिवणयंत्रं पूजली जायची, आता कॉम्प्युटरही त्यांच्या पंक्तीला येऊन बसला आहे. लोक मनोभावे करतात, म्हणूनच नुकसान जास्त होतं. पंख्यात कुंकू, जाळीत झेंडूच्या पाकळ्या, छिद्रात खोचलेली उदबत्ती. एका वकिलांनी तर झाकण काढून आत गंध लावलं होतं, कारण देव आत असतो. आप्पांनी दुकानावर पाटी लावली आहे, माझ्याच मशीनवर छापलेली: "यंत्राची पूजा बाहेरून करावी. नारळ लांब फोडावा." लोक पाटी वाचतात, हसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करतात.

यंदा मात्र हा शेवटचा सीझन होता. मुलगी शिवप्रिया दोन वर्षं मागं लागली होती, की दुकान बंद करा आणि आईला घेऊन पुण्याला या. आप्पांची मान दुखते, उजव्या हाताची दोन बोटं बधिर होतात, बारीक अक्षर दिसत नाही. चन्नम्मावहिनीही थकल्या आहेत. शेवटी आप्पांनी दिवाळीचा शब्द दिला. नवं सामान मागवणं बंद केलं. इन्व्हर्टरची बॅटरी संपली होती, ती बदलली नाही, कारण आता कशाला. मांडण्या रिकाम्या होत चालल्या तसं मला उगाच चिडचिडायला व्हायचं. त्यांना वाटायचं, मी नेहमीसारखीच चिडते आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला, दुकानासमोर रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने लुगड्यात गुंडाळलेला एक कॉम्प्युटरचा डबा आत आणून ठेवला. त्याच्या मागून काळी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर स्वच्छ, कोट जुना, श्वास लागलेला.

"मी अंबादास, तुळजापूरचा पुजारी," ते म्हणाले. "हे आमचं यंत्र. नवमीला ह्याची पूजा केली, तेव्हापासून बोलत नाही."

आप्पांनी लुगडं सोडलं, झाकण उघडलं. आत डब्याभर पसरलेली ती मोठी हिरवी पाटी असते, जिच्यावर बाकीचं सगळं बसवलेलं असतं, तो मदरबोर्ड. त्यावर हळदकुंकू होतं, अक्षता होत्या, आणि मधोमध वाळलेल्या पाण्याचा पांढुरका डाग. डागाच्या कडेला बोर्ड काळा पडला होता.

"नारळ कुठं फोडला काका?"

"ह्याच्यासमोरच. दुसरीकडं कुठं फोडणार?"

आप्पांनी आमच्या पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि सुस्कारा सोडला, "साकाय्तु."

बोर्ड मेला होता. डिस्क, म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती, मात्र सुखरूप होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर काम सोपं होतं. डिस्कवरच्या फायली काढायच्या, नव्या मशीनवर टाकायच्या. पण काकांचं तसं नव्हतं.

तुळजापूरला देवीला येणारा भक्त आपल्या घराण्याच्या पुजाऱ्याच्या दारात उतरतो. आजा ज्या घरी उतरायचा, त्याच घरी नातू. काकांकडे अशी अकराशे घराणी. त्यांच्या नावांच्या वह्या पणजोबांपासूनच्या होत्या, त्या वाळवीने धरल्या. पंधरा वर्षांपूर्वी सोलापूरच्या एका पोराने काकांना त्यासाठी खास प्रोग्रॅम बनवून दिला आणि काकांनी एका बोटाने सहा वर्षं बसून सगळी घराणी त्यात उतरवली. कोण कोणाचा, कोणाचं जावळ कधी काढलं, गोंधळ कधी घातला, सगळं. वह्या मग गेल्याच. प्रोग्रॅम बनवणारा परदेशी गेला, त्याची सीडी हरवली. नावं डिस्कवर होती, पण कुलूपबंद, आणि कुलपाची किल्ली त्या जुन्या विंडोजच्या पोटात कुठंतरी. विंडोज पुसलं की किल्ली गेली. तुळजापुरातल्या दुकानदाराने फॉरमॅट सांगितलं होतं. काकांचा मुलगा अनिरुद्ध शाळेत मास्तर आहे, तो म्हणाला होता, "राहू द्या बाबा, नवा घेऊ. नावं परत लिहू, तुम्हाला तर सगळी पाठ आहेत."

म्हणून काका मुलाला न सांगता डबा घेऊन एसटीत बसले होते.

"म्हणजे बोर्ड नवा, पण विंडोज हेच ठेवायचं," आप्पा म्हणाले. "लई किचकट हाय काका. शब्द देत न्हाय."

"पौर्णिमेच्या आत पाहिजे," काका म्हणाले.

हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यासाठी सांगते. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजापूरची देवी पलंगावर निजते. नऊ दिवस महिषासुराशी लढून दमलेली असते, म्हणून पाच दिवस तिला झोप. कोजागिरीच्या पौर्णिमेला ती उठते, आणि त्या दिवसासाठी सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसांचे लोंढे पायी चालत येतात.

"देवीला तरी झोप हाय," आप्पा पुटपुटले आणि स्क्रू काढायला बसले.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा हजर. आप्पा डिस्कची नक्कल करत होते. मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी दुसरी तशीच डिस्क बनवायची, जे काही बिघडायचं ते नकलेवर बिघडू दे, ही त्यांची पद्धत. नक्कल व्हायला पाच तास लागतात. सकाळपासून दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे स्टुलावर बसलेले काका.

"महांतप्पा, तुम्ही कुठले म्हणालात?"

"उमरग्याकडचा."

थोड्या वेळाने, "गाव कुठलं तुमचं?"

"उमरग्याकडचं, काका."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी भिंतीवरून डोकं काढलं. माझं एक प्रतिज्ञापत्र तिथंच अडलं होतं, वकील डोक्यावर उभा होता. "अहो काका, तीनदा सांगितलं त्यांनी! कामात आहेत ते. किती विचाराल तेच तेच?"

काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. वकील जाईपर्यंत काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माझ्या डोक्यात राहत नाही आता. तीन वर्षं झाली."

आप्पांचे हात थांबले.

"यजमान दारात आला की मी हातपाय धुवायला पाणी द्या म्हणतो आणि आत जातो. आडनाव टाकतो, गाव टाकतो. चार पिढ्या वाचतो. बाहेर येतो आणि म्हणतो, अरे तू अमक्याचा नातू ना? त्याला बरं वाटतं. घरात कुणालाच माहीत नाही. अनिरुद्धला वाटतं, मला सगळं पाठ आहे." काकांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "पाय फोडून, सहा दिवस चालून आलेल्या माणसाला मी तू कोण म्हणून विचारू? त्याचा आजा माझ्या ओसरीवर निजलेला."

मला स्वतःची लाज वाटली, ती अजून वाटते. मी चहा सांगितला आणि काकांना माझ्या पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. त्यानंतर त्यांनी मला माझं गाव दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नीट सांगितलं, येडशी.

आप्पांनी संध्याकाळपर्यंत फोन केले. तसला बोर्ड आता कुणी बनवत नाही. लातूरला नव्हता, हैदराबादच्या माणसाने फोन उचलला नाही. शेवटी सोलापुरात भंगारातून काढलेला एक सापडला. वेगळ्या कंपनीचा, पण काकांचा प्रोसेसर त्यावर बसणारा. तो एसटीच्या पार्सलने त्रयोदशीला सकाळी आला. आप्पा स्टँडवर स्वतः गेले आणि दुचाकीवर मांडीशी धरून घेऊन आले.

बोर्ड बसला. बटण दाबलं. पंखा फिरला, विंडोजचं चिन्ह आलं आणि लगेच निळा पडदा, इंग्रजी अक्षरं, बंद. इथंच घोडं पेंड खाणार हे आप्पांना माहीत होतं. ते मला समजावून सांगत बसले, मला समजावं म्हणून नव्हे, बोलता बोलता त्यांचंच डोकं चालतं म्हणून.

"ह्याचं काय हाय गायत्रीताई, विंडोज जुन्या घरात ऱ्हायलेलं. त्याला ठावं, डिस्ककडं कुठल्या वाटंनं जायचं. आता घर बदललं. उठलं, जुन्या वाटंनं गेलं, तर तिथं भिंत. मग ते घाबरून बसतं."

"मग?"

"मग बोर्डाला सांगायचं, बाबा, ह्याच्यासाठी जुनी वाट उघडी ठेव. तशी सेटिंग असती आत."

ती सेटिंग त्यांनी शोधली, बदलली. पुन्हा बटण. पडदा काळा, मग चिन्ह, मग बराच वेळ काही नाही, आणि मग विंडोज उघडलं. काकांच्या घरातलं देवीचं चित्र मागे, तीच चिन्हं, तेच सगळं. काकांनी बसल्या जागी हात जोडले. मला खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला.

आणि लाइट गेली.

चाळीस मिनिटांनी आली तेव्हा पुन्हा निळा पडदा.

इथून पुढचा दीड दिवस मला आठवायला नको वाटतो. आप्पांची खात्री झाली की अर्ध्यात लाइट गेल्याने विंडोजच दुखावलं. त्यांनी मूळ डिस्कवरून पुन्हा नक्कल केली. पाच तास. ती लावली, निळा पडदा. विंडोजच्या आतल्या नोंदी बाहेरून उघडून एकेक तपासल्या. काकांना संध्याकाळच्या गाडीत बसवताना आप्पांना खोटं बोलता येईना, म्हणून मीच म्हणाले, "होतंय काका, थोडं राहिलंय." चतुर्दशीला काका आले नाहीत. अनिरुद्धचा फोन आला, त्याला सगळं कळलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरचं कळलं होतं, दुसरं नाही. तो चांगला बोलला. म्हणाला, "तुम्ही त्रास घेऊ नका. वडिलांना हौस आहे. नाही झालं तर नवीन टाकून द्या." आप्पा नुसते हं हं करत राहिले. काकांचं गुपित त्यांनी तोंडातून निघू दिलं नाही.

चतुर्दशीच्या दुपारी चौथ्यांदा निळा पडदा आला. आप्पांनी चष्मा काढला. बधिर झालेली बोटं दुसऱ्या हाताने चोळत ते भिंतीला टेकले. विभूतीचा एकही पट्टा उरला नव्हता.

"साकाय्तु," ते म्हणाले. पण या वेळी पुढचा स्क्रू काढला नाही. "गायत्रीताई, होत न्हाय आता. काकांना मी सांगतो. फॉरमॅट मारून देतो."

एकोणीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मला त्यांचा राग यायला हवा होता, कारण मला सगळ्याचाच राग येतो. पण मला भीती वाटली. उद्या ओसरीवर बसलेल्या माणसाकडे काका कसे बघतील, ते डोळ्यांसमोर आलं.

मी उठून त्यांच्या बाजूला गेले. करायला काही नव्हतं, नुसती उभी राहिले. "एकदा मला दाखवा तरी, कुठं काय बदलता ते," म्हटलं. त्यांनी थकल्या हाताने सेटिंगचं पान उघडलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझा सगळा जन्म कोर्टाचे कागद टाइप करण्यात गेला. कुठलाही कागद हातात आला की मी आधी तारीख बघते. तारीख चुकली की कागद गेला. तशी मी कोपऱ्यातली तारीख बघितली.

"आप्पा, ह्यात एक जानेवारी आहे. आणि साल दोन हजार आठ."

"आँ?"

"तारीख. आज काय एक जानेवारी आहे का?"

आप्पांनी चष्मा लावला. पडद्याच्या इतके जवळ गेले की नाक टेकलं. मग हळूच बोर्डावरची ती रुपयाएवढी चपटी बॅटरी नखाने उचकटून काढली, उलटीसुलटी केली आणि कपाळावर हात मारून घेतला.

ही बॅटरी म्हणजे बोर्डाची आठवण. कॉम्प्युटर बंद असला तरी तारीख, वेळ, सेटिंग तिच्या जोरावर लक्षात राहतं. भंगारातून आलेल्या बोर्डाची बॅटरी कधीच मेली होती. आप्पा जुनी वाट उघडी ठेवायला सांगत होते, बोर्ड ऐकत होता, आणि लाइट गेली की सगळं विसरत होता. विंडोजला काहीच झालं नव्हतं. दुरुस्तीच्या पहिल्या धड्यातली ही गोष्ट, एरवी आप्पा दारातून बघून सांगतील. पण माणूस थकला की त्याला समोरचं दिसत नाही.

"बोर्डालाबी ऱ्हात न्हाय डोक्यात," आप्पा म्हणाले. हसायला गेले आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं.

मी चौकातल्या घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली. चप्पल तुटली, तशीच फरफटत आणली. सहा वाजता विंडोज उघडलं. आप्पांनी स्वतः वायर ओढून काढली, पाच मिनिटं थांबले, परत लावली. पुन्हा उघडलं. असं तीनदा केलं. मग काकांच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. अकराशे घराणी, एकाखाली एक. जणू काही झालंच नव्हतं.

पौर्णिमेला आम्ही दोघं तुळजापूरला गेलो. गर्दीमुळे रिक्षा गावाबाहेरच अडवली. आप्पांनी डबा खांद्यावर घेतला, मी त्यांच्या हत्यारांची पिशवी. चालत आलेल्या माणसांच्या लोंढ्यात आम्हीही चालत होतो. एका बाईने आप्पांना विचारलं, "काय नवस हाय जी?" आप्पा म्हणाले, "बोर्ड बदललाय."

काकांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. माजघरात एका कोनाड्याजवळ कॉम्प्युटरची जागा, तिथं मॉनिटर आणि कीबोर्ड, आणि ओसरीच्या दारावर कापडी पडदा. आप्पांनी सगळं जोडलं, सुरू केलं. बाहेर अक्कलकोटकडचं एक कुटुंब आलं होतं. एक चाळिशीचा गडी, बायको, दोन मुली, सगळ्यांचे पाय फडक्याने बांधलेले. गड्याने गाव, आडनाव आणि आपलं नाव सांगितलं, शिवपुत्र. काकांनी पाणी द्या म्हणून हाक मारली आणि आत आले.

खुर्चीत बसले. मॉनिटरकडे बघितलं. कीबोर्डवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला.

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा काकांकडे बघत होते.

"महांतप्पा," काका अगदी हळू म्हणाले, "ह्यात काय करायचं असतं?"

पाच दिवस आम्ही जे वाचवायला धडपडलो, ते सगळं त्या मॉनिटरवर होतं. एक अक्षर हललं नव्हतं. आणि ते कसं उघडायचं, हेच काकांच्या डोक्यातून गेलं होतं. मला रडू फुटलं. असल्या वेळी रडायचं नसतं हे मला कळतं, तरी फुटलं.

तेवढ्यात दारावरचा पडदा सरकला. अनिरुद्ध तांब्या घेऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं.

"बाबा?"

काकांनी मान खाली घातली. "तुला सांगणार होतो रे," ते म्हणाले. "राहून गेलं."

अनिरुद्धने तांब्या खाली ठेवला. कितीतरी वेळ तो वडिलांच्या टोपीकडे बघत राहिला. बाहेरून कुणीतरी हाक मारली, "काका, येऊ का आत?" तेव्हा तो दचकला आणि आप्पांकडे वळला.

"कुठं टाकायचं असतं?"

"वरच्या चौकटीत आडनाव," आप्पा म्हणाले. "खाली गाव. मग हे दाबायचं."

अनिरुद्धने वडिलांच्या खुर्चीच्या मागून वाकून टाइप केलं. शाळेत हजेरी घेतात तसा, पण फक्त त्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागला. काका ओठ हलवत एकेक नाव त्याच्या मागून म्हणत होते. दोनदा म्हणून घेतलं. मग उठले, टोपी नीट केली, पडदा बाजूला केला.

"अरे शिवपुत्र!" बाहेर काकांचा आवाज खणखणीत आला. "बंडप्पाचा तू. बंडप्पाचं जावळ आमच्या परसात काढलं होतं. तुझा पणजा सिद्रामप्पा, तो बैलगाडी घेऊन यायचा ना?"

मग त्या गड्याचा भरलेला आवाज आला. "काका, तुमी विसरला न्हाईत."

माजघरात अनिरुद्धने तोंडावर हात दाबून धरला होता. मग तो वडिलांच्या खुर्चीत बसला, डोळे पुसले आणि पडद्याआडून विचारलं, "पुढचं आडनाव काय?"

दुपारपर्यंत तो उठला नाही. काका आत येत, ऐकत, बाहेर जात. ओसरीवरच्या एकालाही काही कळलं नाही.

मी आप्पांना शोधत परसात गेले. ते विहिरीजवळच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते. हातात काकांनी दिलेला प्रसादाचा नारळ, खिशात स्क्रूड्रायव्हर, तोंड थोडं उघडं. गाढ झोपले होते. देवळाकडून संबळ वाजत होतं, देवी उठली होती. गाडीची वेळ झाली होती, पण मी त्यांना उठवलं नाही.